आधी पाहुणचार, मग अट

१९८० साली ईस्टरच्या सुमारास कॅलिफोर्नियातील ऑरेंज काउंटीत सुमारे १५ हजार घरांच्या टपालपेट्यांत एक पत्र येऊन पडले. पत्र लिहिणारा पाद्री अवघा २६ वर्षांचा होता. नाव रिक वॉरेन. नेहमीच्या चर्चवरून ज्यांचे मन उडाले आहे, अशांसाठी मुद्दाम बेतलेले एक नवे चर्च आपल्या वस्तीत सुरू होत आहे, तेथे नवी माणसे भेटतील, आजच्या चालीचे संगीत ऐकायला मिळेल आणि रोजच्या जगण्यास उपयोगी पडेल असे चार शब्द कानावर येतील, असा त्या पत्राचा आशय होता. ६ एप्रिलच्या ईस्टर रविवारी लगूना हिल्स येथील एका शाळेच्या सभागृहात २०५ माणसे जमली. त्यांतील बहुतेकांचा चर्चशी संबंध कधीच सुटलेला होता किंवा मुळात जडलेलाच नव्हता. हेच पुढे सॅडलबॅक चर्च म्हणून जगप्रसिद्ध झाले. आठवड्याला २० हजारांच्या आसपास माणसे तेथे येऊ लागली. वॉरेन यांच्या २००२ सालच्या 'द पर्पज ड्रिव्हन लाइफ' या पुस्तकाच्या ३ कोटींहून अधिक प्रती खपल्या आणि जानेवारी २००९ मध्ये बराक ओबामा यांच्या शपथविधीच्या प्रसंगी प्रार्थना म्हणण्याचा मान त्यांना मिळाला.

कोणी म्हणेल, यात आक्षेप घेण्यासारखे काय आहे? ज्यांना चर्च ठाऊक नाही त्यांच्यासाठी एखाद्याने चर्च काढले, त्यांना अवघडल्यासारखे वाटू नये म्हणून आगतस्वागत केले, तर ते सौजन्यच झाले. प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर उडवाउडवीने देऊन चालणार नाही. मिशनऱ्यांविषयी लिहायचे म्हटले की आपल्याकडची मंडळी एकतर हात जोडतात, नाहीतर दात ओठ खातात. दोन्हींनी समोरचा माणूस नेमके काय करतो आहे ते दिसत नाही. म्हणून आधी तो काय करतो ते शांतपणे पाहावे, हे बरे.

या प्रकाराचा आरंभ वॉरेन यांच्याही आधीचा आहे. १९५५ साली रॉबर्ट शुलर नावाचे पाद्री त्याच ऑरेंज काउंटीतील गार्डन ग्रोव्ह येथे आले. हाती सभागृह नव्हते, म्हणून त्यांनी मोटारीत बसून सिनेमा पाहण्याचे एक मैदान रविवार सकाळसाठी भाड्याने घेतले. तेथील खाद्यपदार्थांच्या टपरीच्या छपरावर उभे राहून ते प्रवचन देत आणि लोक आपापल्या मोटारीत बसून ते ऐकत. आहात तसे या, कुटुंबाच्या गाडीतून या, असे त्यांचे आवाहन होते. कपडे बदलायला नकोत, कोणाशी बोलायला नको, मोटारीतून उतरायलाही नको. अमेरिकेच्या त्या नव्या उपनगरी जीवनाची नाडी या माणसाने अचूक ओळखली होती, हे मान्य करावे लागेल.

पुढचे पाऊल १९७५ साली शिकागोच्या उपनगरात पडले. बिल हायबेल्स हा विशीतला तरुण आपल्या सहकाऱ्यांसह दारोदार फिरला. प्रश्न साधा होता : आपण चर्चला जाता का? जात नसाल तर का जात नाही? उत्तरेही साधी आली. तेथे सारखे पैसे मागतात. प्रवचने कंटाळवाणी असतात. आमच्या जगण्याशी त्यांचा संबंध नसतो. तेथून बाहेर पडताना आपण अडाणी आणि पापी आहोत असे वाटू लागते. सहकाऱ्यांनी दारोदार टोमॅटोच्या टोपल्या विकून भांडवल उभे केले, पॅलटाइन गावातील 'विलो क्रीक' हे चित्रपटगृह भाड्याने घेतले आणि त्याच नावाने चर्च सुरू केले. पुढे साउथ बॅरिंग्टन येथे जे संकुल उभे राहिले, त्याच्या मुख्य सभागृहात ७ हजारांहून अधिक आसने आहेत, खाण्यापिण्याचे दालन आहे, पुस्तकांचे दुकान आहे. नव्हता तो क्रूस. येणाऱ्याला बुजल्यासारखे होऊ नये म्हणून सभागृहात क्रूसच ठेवला नव्हता. शनिवार-रविवारच्या सभेत वाद्यवृंद, एखादी नाटुकली आणि मग संसार, नोकरी, मुले, मनाची अस्वस्थता अशा विषयांवर सोप्या भाषेत भाषण. या योजनेचे यश इतके डोळ्यांत भरणारे होते की हार्वर्डच्या बिझनेस स्कूलने १९९१ साली विलो क्रीकचा 'केस स्टडी' तयार केला. व्यवस्थापनशास्त्राचे पितामह पीटर ड्रकर यांना वॉरेन आपले मार्गदर्शक मानत. धर्मपीठे पूर्वी धर्मशास्त्र्यांच्या अभ्यासाचा विषय असत, ती आता व्यापारशास्त्राच्या वर्गात शिकवली जाऊ लागली.

वॉरेन यांनीही सॅडलबॅकला हेच केले. १२ आठवडे ते घरोघर हिंडले. ज्या घरातून 'आम्ही नियमित चर्चला जातो' असे उत्तर येई, तेथून ते धन्यवाद देऊन पुढे जात. इतरांची गाऱ्हाणी मात्र टिपून घेत. त्यांचे १९९५ सालचे 'द पर्पज ड्रिव्हन चर्च' हे पुस्तक वाचावे. हा मनुष्य बारकाव्यांचा पक्का आहे. नव्या पाहुण्यांच्या गाड्यांसाठी दाराजवळची जागा राखून ठेवावी. पाहुण्याला सर्वांसमक्ष उभे राहून नाव सांगायला लावू नये, कारण चारचौघांत उभे राहण्याची भीती अनेकांना असते. लहान मुलांची सोय चोख असावी. छापील पत्रिकेत सराईतांनाच कळतील असे शब्द नसावेत. दानपात्र फिरवण्याआधी पाहुण्यांना सांगावे की हे आपल्यासाठी नाही, आपण आमचे अतिथी आहात. यांतील एकेक सूचना आमच्या देवस्थानांच्या विश्वस्तांनी भिंतीवर लिहून ठेवावी अशी आहे. नवखा माणूस आपल्याकडील मोठ्या देवस्थानात गेला तर त्याला पहिला भेटतो तो चपला सांभाळणारा, दुसरा हाराचा टोपला पुढे करणारा आणि तिसरा 'पुढे सरका' म्हणणारा. असो.

तर सौजन्य खरे आहे. तेथे गेलेल्या एकाकी माणसाला सोबत मिळते, दारूत बुडालेल्याला कोणीतरी हात देते, हेही खरे आहे. ते नाकारणे कोत्या मनाचे ठरेल. आमचा आक्षेप त्याच्या पुढच्या पायरीवर आहे.

पाहुण्यासाठी शनिवार-रविवारची सभा, आणि पक्क्या श्रद्धावंतांसाठी आठवड्याच्या मध्यावर वेगळी उपासना, अशी विलो क्रीकची रचना होती. दर्शनी दालनात एक भाषा आणि आतल्या खोलीत दुसरी. सॅडलबॅकमध्ये हीच गोष्ट एकात एक अशी पाच वर्तुळे काढून दाखवली जाते. सर्वांत बाहेर आसपासची वस्ती, मग रविवारची गर्दी, मग सभासद, मग बांधील आणि गाभ्यात सेवेकरी. बाहेरच्या माणसाला क्रमाक्रमाने आत कसे आणायचे, त्याचे वर्ग ठरलेले आहेत. त्यांना क्रमांकही महाविद्यालयासारखे आहेत : १०१, २०१, ३०१, ४०१. प्रत्येक वर्गाच्या शेवटी एक करारपत्र असते. पहिल्या वर्गात सभासदत्वाचा करार, दुसऱ्यात परिपक्वतेचा. या दुसऱ्या करारात रोजच्या प्रार्थनेबरोबर आपल्या मिळकतीचा दशांश चर्चला देण्याचे वचन असते.

आता दारोदारच्या त्या पाहणीकडे पुन्हा वळून पाहावे. माणसाने काय सांगितले होते? तेथे पैसे मागतात म्हणून मी जात नाही. त्याला काय उत्तर मिळाले? मागणी रद्द झाली नाही, ती पुढच्या वर्गावर ढकलली गेली. पहिल्या रविवारी जो मनुष्य 'आपण अतिथी आहात, दानपात्रात काही टाकू नका' हे ऐकून सुखावला, त्याच्यापुढे काही महिन्यांनी दशांशाचा कागद येतो. पाप, प्रायश्चित्त, येशूखेरीज तरणोपाय नाही ही शिकवण, यांतले काहीही वॉरेन किंवा हायबेल्स यांनी सोडलेले नाही. तसे त्यांनी कधी म्हटलेलेही नाही. सोडले आहे ते केवळ पहिल्या दिवशी सांगणे. ज्या अटीमुळे मनुष्य दुरावला होता ती अट कायम ठेवायची, आणि ती ऐकण्याची वेळ मात्र मैत्री जडल्यानंतरची, मुले तेथील खेळांत रमल्यानंतरची, पत्नीला मैत्रिणी मिळाल्यानंतरची निवडायची. मग तो कागद नाकारणे म्हणजे एका कागदाला नाही म्हणणे राहत नाही. सारा गोतावळा तुटण्याची भीती त्या नकारात येते.

यावर त्यांचे उत्तर ठाऊक आहे. कोणतीही गोष्ट पायरीपायरीने शिकवावी लागते, पहिलीच्या मुलाला कोणी बीजगणित शिकवत नाही, असे ते म्हणतील. उपमा चांगली आहे, पण लागू पडत नाही. पहिलीच्या मुलाच्या बापाला शाळा ही शाळा आहे, पुढे दहावीची परीक्षा आहे आणि फी अमुक आहे, हे दाखल्याच्या दिवशीच ठाऊक असते. येथे नावातूनही पत्ता लागू दिला जात नाही. सॅडलबॅक हे पहिल्या दिवसापासून सदर्न बॅप्टिस्ट पंथाचे चर्च होते. मात्र नावात 'बॅप्टिस्ट' हा शब्द हेतुपुरस्सर घेतला नव्हता, कारण त्या शब्दाने लोक बिचकतील. फेब्रुवारी २०२३ मध्ये सदर्न बॅप्टिस्ट कन्व्हेन्शनने स्त्रियांना पास्टरपद दिल्याच्या कारणावरून सॅडलबॅकला संघटनेतून बाहेर काढले. चार दशके पाटीवर न दिसलेले नाते अशा रीतीने जगभरच्या वृत्तपत्रांतून जाहीर झाले, तेही तुटताना.

आपल्या भाषेत 'अतिथी' हा शब्द आहे. ज्याच्या येण्याची तिथी ठरलेली नाही तो अतिथी. तो कोण असेल, कोणत्या कुळाचा, किती शिकलेला, हे यजमानाला ठाऊक नसते, आणि म्हणूनच त्याला देवाचा मान. सॅडलबॅकचा अतिथी मात्र आधीच ठरलेला आहे. त्याला नावसुद्धा दिलेले आहे : 'सॅडलबॅक सॅम'. वॉरेन यांच्या पुस्तकात त्याचे चित्र आहे. तो सुशिक्षित आहे, त्याला आपली नोकरी आवडते, तब्येतीची तो काळजी घेतो, आपण जेथे राहतो त्या वस्तीवर तो खूश आहे, संघटित धर्माविषयी साशंक आहे आणि त्याला आधुनिक संगीत आवडते. या सॅमला काय रुचेल ते पाहून संगीत, भाषा, पोशाख, सारे बेतले जाते. वॉरेन स्वतः रंगीबेरंगी हवाई शर्ट घालून व्यासपीठावर येत ते उगीच नव्हे. विलो क्रीकच्या परिवारातही असे काल्पनिक पाहुणे होते, हॅरी आणि मेरी. प्रश्न असा की जो सॅम नाही त्याचे काय? जो ऑरेंज काउंटीत बागा राखतो, हॉटेलांत भांडी घासतो, ज्याला इंग्रजी धड येत नाही, त्याच्यासाठी दार बंद नव्हते, पण घर त्याच्यासाठी बांधलेलेही नव्हते.

ही कल्पना आली कोठून? येथे हा विषय थेट आपल्या अंगणात येतो. वॉरेन यांनीच लिहून ठेवले आहे की १९७४ साली जपानमध्ये विद्यार्थी-मिशनरी म्हणून काम करताना त्यांच्या हाती डोनाल्ड मॅक्गॅव्हरन या मनुष्यावरील एक लेख पडला आणि त्या लेखाने त्यांच्या आयुष्याला वळण दिले. कोण हे मॅक्गॅव्हरन? त्यांचा जन्म १८९७ सालचा, मध्य प्रदेशातील दमोहचा. मिशनऱ्याच्या पोटी जन्मलेले, हिंदुस्थानातच मिशनरी म्हणून तीसहून अधिक वर्षे घालवलेले हे गृहस्थ. मिशनच्या शाळा, दवाखाने उत्तम चालतात, पण बाप्तिस्मा घेणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच का, हा प्रश्न त्यांना छळत होता. जातींच्या जाती एकगठ्ठा ख्रिस्ती का होतात, याचा अभ्यास करणाऱ्या वॉस्कॉम पिकेट यांचे १९३३ सालचे पुस्तक त्यांना मार्गदर्शक ठरले. पुढे छत्तीसगडच्या सतनामी समाजात त्यांनी सतरा वर्षे काम केले. गुरू घासीदासांनी एका सत्यनामाची शिकवण देऊन उभा केलेला हा समाज. तेथे १८६८ सालापासून ऑस्कर लोर या जर्मन मिशनऱ्याने बिस्रामपूरला ठाण मांडले होते आणि सारे सतनामी लवकरच ख्रिस्ती होतील अशी त्याची आशा होती. ती फळली नाही. मॅक्गॅव्हरन यांच्या सतरा वर्षांच्या खटपटीतूनही सुमारे हजारच माणसे चर्चमध्ये आली. समाज आपल्या गुरूशी निष्ठावंत राहिला.

या अनुभवातून त्यांनी जो सिद्धांत काढला तो मात्र जगभर गेला. १९५५ साली 'द ब्रिजेस ऑफ गॉड' हे त्यांचे पुस्तक निघाले. १९६५ साली कॅलिफोर्नियातील फुलर सेमिनरीत ते नव्या विभागाचे अधिष्ठाता झाले आणि १९७० साली 'अंडरस्टँडिंग चर्च ग्रोथ' हा त्यांचा मुख्य ग्रंथ आला. सिद्धांत असा : वंश, भाषा किंवा वर्ग यांची कुंपणे ओलांडावी न लागता ख्रिस्ती होणे माणसांना आवडते, म्हणून ती कुंपणे ओलांडायला त्यांना सांगू नका. एका जातीची माणसे त्या जातीच्या चर्चमध्ये, एका वर्गाची त्या वर्गाच्या. याला 'एकजिनसी घटकाचे तत्त्व' असे नाव मिळाले. त्याची दुसरी बाजू अशी की कामाचे दोन टप्पे करावेत. आधी शिष्य करून घ्यावे, पूर्णत्व मागाहून आणावे. जातिभेद मोडणे, सर्वांनी एका पंगतीस बसणे, हे दुसऱ्या टप्प्यातले. पहिल्याच टप्प्यात ते मागितले तर वाढ खुंटते.

वाचकांनी येथे क्षणभर थांबावे. दीड-दोनशे वर्षे हिंदू समाजाला जातींवरून बोल लावले गेले. त्यातला पुष्कळ बोल खरा होता आणि तो आमच्याच सुधारकांनी अधिक कडक शब्दांत लावला. परंतु ज्या मिशनने आमच्या जातिव्यवस्थेला सैतानाची करणी म्हटले, त्याच मिशनच्या एका बुद्धिमान कार्यकर्त्याने त्याच व्यवस्थेत संख्यावाढीचे तंत्र पाहिले. समता हे आमंत्रणपत्रिकेवरचे पहिले वाक्य होते आणि अंमलबजावणीच्या कागदावर ते 'मागाहून' या सदरात गेले. छत्तीसगडच्या खेड्यात जात होती, तेथे ऑरेंज काउंटीत उत्पन्न, शिक्षण आणि आवडीनिवडी आल्या. दमोहच्या शेतात शिकलेला धडा फुलरच्या वर्गातून सॅडलबॅकला पोहोचला आणि सतनामींच्या जागी सॅम येऊन बसला. आमच्याकडचे जे विचारवंत चर्चच्या समतेचे गोडवे गाताना थकत नाहीत, त्यांनी हा इतिहास कधी वाचला आहे काय?

हा आक्षेप केवळ आमचा आहे असे समजण्याचे कारण नाही. जून १९७७ मध्ये पॅसाडेना येथे या तत्त्वावर चर्चा करण्यासाठी ख्रिस्ती धर्मशास्त्र्यांची बैठक बसली होती. इक्वेडोरचे रेने पाडिया यांच्यासारख्या निष्ठावंत ख्रिस्ती विचारवंताने या तत्त्वावर कठोर टीका केली. आरंभीच्या चर्चमध्ये ज्यू आणि बिगर-ज्यू, गुलाम आणि मालक एकत्र बसत होते आणि ते एकत्र बसणे हाच संदेशाचा गाभा होता, तो मागाहूनचा विषय नव्हता, असे त्यांचे म्हणणे. आणि 'मागाहून'चे काय होते हे पाहायचे असेल तर आपल्याच देशात पाहावे. कॅथलिक बिशपांच्या अखिल भारतीय परिषदेने डिसेंबर २०१६ मध्ये दलितांविषयीचे आपले धोरण प्रसिद्ध केले, तेव्हा चर्चमध्ये अस्पृश्यता आणि भेदभाव आजही आहे हे तिने स्वतःच लेखी मान्य केले. देशातील कॅथलिकांपैकी निम्म्याहून अधिक दलित आहेत हेही त्याच वेळी सांगितले गेले. ही कबुली प्रामाणिक आहे आणि तिचा आदर केला पाहिजे. पण मग दुसरा टप्पा यायचा कधी?

आता या साऱ्या खटाटोपाचे फळ पाहू. विलो क्रीकने स्वतःच्या सभासदांची कसून पाहणी केली आणि २००७ साली तिचे निष्कर्ष 'रिव्हील' या नावाने प्रसिद्ध केले. चर्चच्या कार्यक्रमांत माणूस जितका अधिक भाग घेईल तितकी त्याची श्रद्धा वाढेल, हे गृहीतक खरे ठरले नाही. पाहणीतील सुमारे चौथा भाग माणसे आपली वाढ थांबली आहे किंवा आपण असमाधानी आहोत असे सांगत होती, आणि त्यांत मुरलेले सभासद होते. आमचे चुकले, असे हायबेल्स यांनी तेव्हा जाहीरपणे म्हटले. हा त्यांचा मोठेपणा. मार्च २०१८ मध्ये 'शिकागो ट्रिब्यून'ने त्यांच्यावरील स्त्रियांशी गैरवर्तनाचे आरोप छापले. त्यांनी ते नाकारले, पण एप्रिलमध्ये पद सोडले. ऑगस्टमध्ये संपूर्ण संचालक मंडळाने राजीनामे दिले, कारण तक्रार करणाऱ्या स्त्रियांवर मंडळाने प्रथम विश्वास ठेवला नव्हता. २०१९ मध्ये स्वतंत्र सल्लागार गटाने ते आरोप विश्वासार्ह ठरवले. अशा घटना कोणत्याही धर्माच्या मठात घडू शकतात, आमच्याकडेही घडल्या आहेत, त्यामुळे यात बोटे मोडण्याचे समाधान आम्हाला नको. शुलर यांच्या गोष्टीचा शेवट अधिक बोलका आहे. टपरीच्या छपरावरून सुरू झालेल्या चर्चचे १९८० साली १० हजारांहून अधिक काचांचे भव्य 'क्रिस्टल कॅथीड्रल' झाले. २०१० साली ते कर्जबाजारी ठरून दिवाळखोरीत गेले. ती वास्तू ५ कोटी ७५ लाख डॉलरना रोमन कॅथलिक धर्मप्रांताने घेतली. आज तेथे क्रूस आहे, वेदी आहे, परंपरेने ठरलेली उपासना आहे. काचेचे घर शेवटी त्यांनीच विकत घेतले, ज्यांनी पाहुण्याला बुजू नये म्हणून काही लपवले नव्हते.

आणि अमेरिकेचे एकंदर चित्र? प्यू संस्थेच्या पाहणीनुसार २००७ साली अमेरिकेतील प्रौढांपैकी ७८ टक्के स्वतःला ख्रिस्ती म्हणवीत होते. २०२३-२४ मध्ये ते ६२ टक्के झाले. कोणताच धर्म न सांगणारे १६ वरून २९ टक्क्यांवर गेले. गॅलपच्या मोजणीत चर्च, सिनेगॉग वा मशिदीचे सभासद १९९९ साली ७० टक्के होते, ते २०२० साली ४७ टक्के, म्हणजे निम्म्याहून खाली आले. ही घसरण या चर्चांमुळे झाली असे म्हणणे अन्यायाचे होईल, कारणे अनेक आहेत. पण चर्चपासून दुरावलेल्यांना परत आणण्याचे तंत्र म्हणून ज्याचा डंका पिटला गेला, त्याच्या भरभराटीच्या काळातच दुरावलेल्यांची संख्या वाढत गेली, एवढे म्हणण्याचा अधिकार आकडे आपल्याला देतात.

शिकागो म्हटले की मराठी माणसाला आपली माणसे आठवतात. बृहन्महाराष्ट्र मंडळाची स्थापना १९८१ साली तेथेच झाली. मंडळातही एका भाषेची माणसे एकत्र येतात, मग तेही एकजिनसीच, असे कोणी चतुर म्हणेल. आहेच. पण गणेशोत्सवाला आणि दिवाळीच्या फराळाला जमलेले मंडळ आपण मराठी मंडळ आहोत हे पाटीवर लिहिते आणि साऱ्या मानवजातीचा उद्धार आमच्याच दाराने होईल असा दावा करत नाही. त्या परक्या देशात बर्फाच्या दिवसांत एकट्या पडलेल्या आपल्या मुलामुलींना सहकारी जेव्हा अशा रविवारी घेऊन जातो, तेव्हा ती जातात. गाणी चांगली असतात, कॉफी मिळते, कोणी नाव लक्षात ठेवते. त्यांच्या आईबापांनी येथे बसून कपाळावर हात मारण्यापेक्षा आपल्या मुलाचे नाव तेथे कोणत्या देवळाने, कोणत्या मंडळाने लक्षात ठेवले, हे विचारावे. मुंबई-पुण्यातही हॉटेलांची सभागृहे भाड्याने घेऊन गिटारच्या साथीत अशा सभा भरतात, तेथेही बहुधा हेच घडते. त्यांना बंदी घाला असे आमचे म्हणणे नाही. भारतीय राज्यघटनेने धर्मप्रचाराचे स्वातंत्र्य दिलेले आहे. आमची मागणी एवढीच की सभेच्या पत्रिकेवर चर्चचा पंथ, त्याची श्रद्धा आणि शेवटच्या वर्गात मागितले जाणारे वचन ही तिन्ही पहिल्याच दिवशी छापावीत.

हे अशक्य नाही, कारण महाराष्ट्रात ते घडलेले आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या धर्मांतराने तेव्हाच्या समाजाला आणि त्यांच्या घराला केवढा घाव बसला हे 'स्मृतिचित्रे' वाचणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. त्यांचा मार्ग आम्हाला मान्य नाही. पण त्यांनी जे केले ते उघड केले. परकी चाल आपल्या लोकांना रुचत नाही हे ओळखून त्यांनी ओवी-अभंगांचा साज घेतला, टाळ-वीणा घेतली, कीर्तन उभे केले, मात्र त्या कीर्तनात ख्रिस्ताचे नाव दहाव्या आठवड्यासाठी राखून ठेवले नाही. ज्याला ऐकायचे नव्हते तो पहिल्याच पदाला उठून जाऊ शकत होता. आणि ज्याला त्यांच्याशी वाद घालायचा होता त्याला वाद कशाशी घालायचा हे समजत होते.

दुसरे उदाहरण रत्नागिरीचे. फेब्रुवारी १९३१ मध्ये स्वातंत्र्यवीर सावरकरांच्या प्रेरणेने आणि दानशूर भागोजी कीर यांच्या द्रव्यबळाने तेथे पतितपावन मंदिर उभे राहिले. ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या देवळाचा गाभारा पाहिला नव्हता, त्यांच्यासाठी ते होते. आज आपण ज्याला 'नवख्यांचे' देवालय म्हणू तसे. सावरकरांना त्या काळी पाहणी करता आली असती. प्रत्येक जातीला स्वतंत्र देऊळ हवे, एका पंगतीस कोणी बसणार नाही, असेच उत्तर घरोघर मिळाले असते, आणि त्या उत्तराप्रमाणे देवळे बांधली असती तर ती भराभर भरलीही असती. त्यांनी उलटे केले. सर्व जातींनी एकत्र बसायचे ही अट पहिल्या दिवशी दारातच ठेवली, आणि सहभोजने त्याच अटीवर घातली. सनातन्यांनी बहिष्कार घातला, गर्दी आटली, तरी अट हलली नाही.

पंढरपुरी विठ्ठलाच्या दाराची अट मात्र सोळा वर्षांनंतरही उलटीच होती. चोखोबाची समाधी महाद्वारासमोर, दाराबाहेर, शतकानुशतके उभी असताना १९४७ साली साने गुरुजींना उपोषणास बसावे लागले, तेव्हा कोठे ते दार अस्पृश्य मानलेल्या भाविकांसाठी उघडले. दमोहचा मिशनरी तेव्हा याच देशात होता आणि आमच्या बंद दारांबाहेर किती माणसे उभी आहेत हे तो मोजत होता.